ड्रायव्हर बरोबर होता, मिल्या

मिल्या,

काल विहारात तुझी शोकसभा झाली. वंदना झाली, सगळे खाली बसले, दोघं-तिघं बोलले, आणि मग माझे आण्णा उठले. ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं. इस्त्रीचा सदरा, हात मागे बांधलेले, पलटणीत उभे राहायचे तसेच ताठ. म्हणाले, "पोरगं गुणी व्हतं. कष्टाळू व्हतं. आमच्या दुकानात घरच्यासारखं ऱ्हायलं. दसऱ्याला एकदा त्याच्या हातनं चूक झाली, पन ती आमी कवाच पोटात घातली."

लोकांनी माना डोलावल्या. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान हलवली नाही. आणि मी? मी सतरंजीची दशी ओढत बसलो होतो. पोटात घातली म्हणे! अरे, पोटात तू घातलंस. आमचं सगळं तू घातलंस पोटात. त्या सभेत तुझ्या बाजूनं उठून खरं सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो गप्प बसून राहिला. घरी येताना आण्णा मला म्हणाले, "नीट बोललो न्हवं?" मी "हो" म्हणालो. माझ्या त्या 'हो'ला काय म्हणावं ते तूच सांग.

म्हणून आज सकाळी उठल्या उठल्या ही वही घेतली. मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. दुकानाची पाटीसुद्धा तूच लिहिलीस.

तू किती हट्टी होतास हे आज कुणी काढत नाही. मेलेल्या माणसाचं सगळे गोडच बोलतात. मी बोलणार नाही. एखादा गेम सुरू होईना झाला की आपलं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो ड्रायव्हरचा प्रोग्रॅम बिघडला, काढून टाक आणि सीडीवरनं परत घाल. तू म्हणायचास, "बांधलेलं घर लगीच पाडायला निघालास व्हय रं? आदी दार तरी उघडून बघ." आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन कॅबिनेटची बाजू काढायला बसायचास. तुझं म्हणणं, आधी हातानं बघायचं, मग पडद्यावर. माझं म्हणणं, हे काय ट्रॅक्टरचं काम आहे का? दहातल्या सात वेळा तुझं खरं निघायचं, आणि उरलेल्या तीन वेळांवर मी महिनाभर मिजास मारायचो. हे भांडण काही मिटलं नाही आपलं. आता मिटायचंही नाही.

आपल्या त्या खोलीचं काय, तू नसतास तर तिथं आण्णांनी खताची पोतीच रचली असती. उंब्रजला हायवेच्या कडेला घर, पुढची खोली रिकामी, आणि मी बारावीनंतर तीन वर्षं नुसता हिंडतोय. आण्णा सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांचं एकच टुमणं, कोल्हापूरच्या भरतीला उभा राहा. तू सांगलीला हार्डवेअर शिकून आलास आणि तूच त्यांच्यापुढं बसून त्यांना कॉम्प्युटर गेमच्या दुकानाचं पटवलंस. मला तर त्यांच्यासमोर घाम फुटायचा. शेवटी म्हणाले, "दसऱ्याला सुरू करा. माझे दोस्त बोलावतो. त्यांच्यादेखत चाललं तर तुमचं, न्हाई चाललं तर खोलीला कुलूप आन ह्यो भरतीला." आण्णांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मला धावता येत नाही, छाती भरत नाही, तिथं उघडा उभा राहून हसं करून घ्यायची मला मरणाची भीती वाटत होती. हे फक्त तुला माहीत होतं.

तीन कॉम्प्युटर झाले. पण गाड्यांच्या शर्यतीचा नवा गेम त्यांच्यावर सुरूच होत नव्हता. माउसची टिचकी मारली की पडदा काळा व्हायचा आणि परत जागच्या जागी. त्याला वेगळं थ्री-डी कार्ड लागतं हे तू सांगलीच्या तुझ्या सरांना विचारून आलास, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी तीन कार्डं एसटीत मांडीवर धरून घेऊन आलास. वरच्या रॅकवरसुद्धा ठेवली नाहीस, धक्का बसेल म्हणून. दुपारी बसवायला घेतलीस तेव्हा आण्णा शेजारी स्टुलावर येऊन बसले. त्यांना कुठलंही यंत्र उघडलेलं दिसलं की राहवायचं नाही.

"ह्ये काय रं मिलिंदा?"

"आण्णा, साधं चित्र ह्या जुन्या कार्डावरनं येतंय. पन गेम सुरू झाला की लढाई ह्यो नवा गडी करतुय. ह्यो नसंल तर गेम उघडतच न्हाई. बाकीची समदी हमालं."

"म्हंजी खरं हत्यार ह्ये."

"व्हय, आण्णा. खरं हत्यार ह्येच."

किती खूश झाला होतास तू, आण्णांना कळलं म्हणून! मग नवा ड्रायव्हर घातलास, तिन्ही मशीनवर गेम उघडला, आणि आपण दोघं तासभर शर्यत खेळलो. तू मला चारदा हरवलंस. आण्णा मागं उभे राहून "दाब, दाब!" म्हणून ओरडत होते. तो दिवस तिथंच थांबायला पाहिजे होता बघ.

दसऱ्याला सकाळी तिन्ही कॅबिनेटला झेंडूचे हार, वर हळद-कुंकवाची बोटं. आण्णांनी पहाटेच अंघोळ करून हत्यारांचं खंडेपूजन उरकलं होतं. आठला आरती झाली तेव्हा तू दाराबाहेर उभा होतास. तू कधीच हात जोडत नाहीस, आणि तसा कधी कुणाच्या आडही येत नाहीस, हे मला शाळेपासून माहीत. आण्णांनी एकदा तुला हात जोडायची खूण केली आणि मग आरतीकडे वळले. दहाला त्यांचे दोस्त आले. वडूजकडचे तिघं, आणि औंधचे हवालदार काका यमाईचा प्रसाद घेऊन. सहा-सात खुर्च्या मांडल्या. बाहेर गावातली पोरं दाराशी खेटून उभी. आण्णा म्हणाले, "चालू करा."

मी टिचकी मारली. पडद्यावर पाटी आली, थ्री-डी कार्ड सापडत नाही. दुसऱ्या मशीनवर तेच. तिसऱ्यावर तेच.

कॉम्प्युटर चालू, चित्र झकास, घड्याळ दिसतंय, पत्ते खेळता येतायत. फक्त गेम उघडत नाही. मी म्हणालो, "तिन्ही एकदम कशी जातील? ड्रायव्हरच गेला." तू म्हणालास, "काल तर चालत व्हतं गड्या. तुझ्यादेखत खेळलो की." मी ऐकलं नाही. तुला खुर्चीवरून उठवलं आणि ड्रायव्हर काढायला बसलो. काढला, घातला, बंद करून चालू केलं. तीच पाटी. सीडी पुसली, परत घातला. तीच पाटी. तू दोनदा म्हणालास, "उघडून बघू का?" आणि मी दोनदा खेकसलो, "सगळ्यांच्या समोर मशीन उघडून बसू? काय वाटेल त्यांना?"

बारा वाजले. हवालदार काका म्हणाले, "सुभेदार, आमाला परतायचं बी हाय." ते हसत म्हणाले, पण आण्णांचा चेहरा मी बघितला. पलटणीतल्या दोस्तांसमोर त्यांची मान खाली गेली होती. ते उठून माझ्याजवळ आले. "काय झालंय?"

मी काय सांगितलं आठवतंय तुला? तुला आठवत असणारच. मी म्हणालो, "मिल्यानं काल नवा ड्रायव्हर टाकला. मी नको म्हणत होतो."

मी नको म्हणत नव्हतो, मिल्या. मीच तुला घाल म्हणालो होतो.

आण्णा तुझ्याकडे वळले. सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणाले, "सकाळी पूजंला हात जोडाय सांगितलं तर ह्यो भाईर हुबा ऱ्हातुय. हत्याराला मान दिला न्हाई की हत्यार चालत नसतंय. यंत्राला बी कळतं, कुनाचा हात लागला त्ये."

कुणाचा हात लागला. तीन शब्द. त्या शब्दांत काय भरलंय हे उंब्रजमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आपण पहिलीपासून एका बाकावर बसलेलो. माझ्या घरच्या ताटात जेवलेला तू. तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही, जेमतेम एक श्वास घेण्याइतकं. आणि मी पडद्याकडे बघत राहिलो, जसा काही तिथं फार महत्त्वाचा मजकूर आला होता.

तू निघून जायला पाहिजे होतंस. मी असतो तर खुर्ची लाथाडून गेलो असतो. तू खिशातनं स्क्रू ड्रायव्हर काढलास आणि म्हणालास, "संज्या, हो बाजूला. आता मी उघडनार."

पहिल्या मशीनचा हार काढून तू नीट खुंटीला अडकवलास. बाजू काढलीस. कार्डाचा स्क्रू सुटेना. तू हळूच पुटपुटलास, "येवढा मी आवळला नव्हता." मग कार्ड उपसलंस, उलटं केलंस, आणि तसाच बसून राहिलास. मला वाटलं कार्ड जळालं. मी टेबलाखाली वाकून तुझ्याजवळ आलो. तू हाताचा आडोसा करून मला कार्डाची खालची कड दाखवलीस. स्लॉटच्या खाचेत बसते ती, सोनेरी दातांची कड. तिच्यावर ओल्या हळद-कुंकवाची बोटं ओढलेली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नीट, श्रद्धेनं. वर अक्षतेचा एक दाणा चिकटलेला.

आपण दोघांनी एकदमच मान वर करून आण्णांकडे बघितलं.

मला कळायला पाहिजे होतं रे! आमच्या घरात दरवर्षी हेच. आण्णा बंद पेटीची पूजा करत नाहीत. पलटणीत शस्त्र उघडून, पुसून, एकेका भागाला कुंकू लावायची रीत, ती त्यांनी घरी आणली. पाण्याची मोटर उघडतात, फवारणीचा पंप उघडतात, आईचं शिलाई मशीन उघडतात. आणि तू त्यांना आदल्या दिवशी दाखवून ठेवलंस, खरं हत्यार कुठलं ते. पहाटे एकटे उठून त्यांनी तिन्ही कार्डं काढली, पुजली आणि परत घट्ट आवळून बसवली. कुंकवाचा थर मध्ये आला, कार्ड आणि स्लॉट एकमेकांना भेटेनात, मग मशीनला कार्ड दिसणार कुठून. माझ्या ड्रायव्हरच्या बापालाही ते दिसलं नसतं.

माझ्या तोंडून निघणारच होतं. शप्पथ सांगतो, निघणारच होतं. तू माझं मनगट धरलंस.

"आत्ता न्हाई. दोस्त बसल्यात त्यांचं. मान जाईल. समदी गेली की मग तू सांग. तुझा बाप हाय, तुझ्या तोंडनं ऐकल्यालं बरं."

मग माझ्या बहिणीच्या दप्तरातला खोडरबर मागून घेतलास आणि ते सोनेरी दात पुसत बसलास. हलक्या हातानं, एकाच दिशेनं. चुरा लालपिवळा पडत होता, तो तू रुमालात गोळा केलास, कुणाला दिसू नये म्हणून. स्लॉटमध्ये फुंकर मारून मारून तुझे गाल दुखले असतील. तिन्ही कार्डं बसवलीस. मशीन चालू केलंस आणि खुर्ची माझ्याकडे सरकवलीस. "मार टिचकी." पडदा काळा झाला. मी डोळे मिटले. आणि इंजिनाचा आवाज आला.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. आण्णा तटकन उठले. "काय व्हतं रं?" तू उभा राहिलास, रुमाल खिशात कोंबलास आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणालास, "ड्रायव्हरचा घोळ व्हता आण्णा. माझ्याच हातनं झाला व्हता. झालं आता."

दोस्त तीन वाजेपर्यंत खेळले. हवालदार काकांनी तर गाडी दरीत घातली आणि परत परत घातली. ते गेल्यावर आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. म्हणाले, "भरतीचं ऱ्हाऊ दे आता." माझ्या ओठावर आलेलं मी गिळलं. म्हटलं, उद्या सांगू. आज नको, आज खूश आहेत.

उद्याचं परवा झालं. दिवाळी झाली. संक्रांत झाली. मला वाटायचं, आता सांगितलं तर आण्णा विचारतील, इतके दिवस का नाही सांगितलंस, आणि तेवढ्यासाठी आणखी दिवस घालवायचो. मी भित्रा आहे, मिल्या. भित्रा माणूस वाईट माणसापेक्षा बरा असं लोक समजतात. लोकांना काय कळतंय.

तू रोज येत राहिलास. पोरं तुला चिडवायची, "मिल्यादादा, हात नगा लावू, बंद पडंल." तू हसायचास. आण्णांनी नियम केला, नवीन काही बसवायचं तर आधी संजयला विचारायचं. मला! मला, ज्याला कार्डाची खालची बाजू कुठली ते तू शिकवलंस. आणि मग उन्हाळ्यात आपल्या शाळेत कॉम्प्युटर आले. तिथं पगारी माणूस हवा होता आणि मास्तर आण्णांना विचारायला घरी आले. मी आतल्या खोलीत होतो. आण्णा म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पन हाताला गुन न्हाई." नोकरी कराडच्या कुणाला तरी मिळाली. तू आल्यावर मी तुला सांगितलं, त्यांनी दुसरा घेतला म्हणून. तू तिसऱ्या मशीनचा पंखा पुसत होतास. "आसू दे," म्हणालास. तुला कळलं होतं का रे, कशामुळं ते? तू एकदा तोंड उघडलं होतंस, "संज्या, त्ये आण्णांना..." आणि मी मोठ्यानं सीडी मागितली. मग तू कधी विषय काढला नाहीस. मी समजलो, तू विसरलास. किती सोयीचं होतं तसं समजणं.

मग तुला कावीळ झाली. दवाखान्यात तुझे डोळे बघून मला रडू आलं. ठरवून आलो होतो, माफी मागायची म्हणून. तू विचारलंस, "तिसऱ्याचा पंखा बदललास का?" मी म्हणालो, "बदलला." बदलला नव्हता. शेवटचं बोलणं तेवढंच झालं आपलं, आणि त्यातही मी खोटं बोललो.

इथपर्यंत सकाळी लिहिलं आणि वही मिटून उठलो. आण्णा ओसरीवर दाढी करत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कुंकू, खोडरबर, रुमाल, तुझं वाक्य, माझं वाक्य. एका दमात. साबण त्यांच्या गालावर वाळला.

मग म्हणाले, "तवाच का न्हाई बोललास?"

"तुमची भीती वाटली."

"माजी न्हवं. भरतीची." आणि मग आवाज फुटल्यासारखं, "लेका, काल भरसभेत त्याच्या आईसमोर मी काय बोललो रं!"

अर्धी दाढी तशीच पुसली, सदरा घातला आणि निघाले. मी मागोमाग. मिल्या, सुभेदार तुमच्या आळीत लग्नाकार्याला आलेले, पण उंबऱ्याच्या आत कधी गेले नव्हते. आज गेले. तुझ्या आईसमोर उभे राहिले, हात जोडले, आणि म्हणाले, "ताई, दसऱ्याची चूक माजी व्हती. तुमच्या लेकाची न्हाई. मी आंधळा झालो व्हतो. पुढच्या रविवारी इहारात पुन्हा हुबा ऱ्हाऊन सांगनार हाय समद्यास्नी."

मावशी रडतील असं वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी आण्णांना बसायला पाट दिला. म्हणाल्या, "मला त्याच दिवशी ठावं हाय, आवं. रुमाल मीच धुतला न्हवं का."

मग माझ्याकडे वळल्या. माझी वर बघायची टाप नव्हती. त्यांचा आवाज शांत होता, त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"रोज सांच्याला आला की मी इचारायची, आज तरी बोलला का रं दोस्त तुझा? तर हासायचा. म्हनायचा, बोलनार व्हता आई, पन आज दुकानात लय गर्दी व्हती."